घंटागाड्यांचे लाइव्ह आयकॉन नकाशावर: उड्या, उलटा प्रवास आणि जड होणारा टॅब

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरात १८० घंटागाड्या आहेत, बहुतेकींत एआयएस-१४० या भारतीय वाहन-मागोवा मानकाचे जीपीएस यंत्र आहे आणि ते दर १० सेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे जागा-वेळ-वेगाचा एक निरोप, पाठवते. नकाशाचे सॉफ्टवेअर स्वतः बनवलेले, लीफलेट या ब्राउझरमधल्या नकाशा-लायब्ररीवर. तक्रारी पाच: आयकॉन उड्या मारतात, काही गाड्या मध्येच मागे जातात, उघडलेला पॉपअप आपोआप मिटतो, दोन-तीन तासांत ब्राउझरचा टॅब जड होतो, आणि दोन गाड्या कायम डोंगरात दिसतात. लीफलेट सोडून मॅपलिब्र या दुसऱ्या लायब्ररीवर गेले तर हे सुटेल का?

नाही सुटणार. पाचांपैकी एकही तक्रार लायब्ररीमुळे आलेली नाही. १८० आयकॉन लीफलेट सहज पेलते, पाचशेपर्यंतही फारशी कुरकुर करत नाही. खरा घोळ रचनेत आहे: पॅकेट आले की आयकॉन हलवायचा, अशी थेट जोडणी केलेली दिसते. यंत्र दर १० सेकंदांनी बोलते, सर्व्हर त्याच्या सवडीने पुढे ढकलतो आणि पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो. हे तीन वेग एकमेकांना बांधले की पहिल्या चार तक्रारी आपोआप येतात. पाचवी निव्वळ एककांची चूक आहे.

दुरुस्ती अशी की ब्राउझरमध्ये गाडीनिहाय एक तक्ता ठेवायचा. प्रत्येक गाडीची एकच नोंद: ओळख, सध्या पडद्यावर दिसणारी जागा, जिथे पोचायचे ती जागा, हालचाल कधी सुरू झाली, किती वेळात संपवायची, दाखवलेला कोन, यंत्राने दिलेली शेवटची वेळ. पॅकेट आले की फक्त ही नोंद बदलायची, आयकॉनला हात लावायचा नाही. चित्र काढणारा वेगळा लूप हा तक्ता वाचून आयकॉन हलवेल. पुढचे सगळे या तक्त्याभोवती फिरते.

आधी डोंगरातल्या गाड्या

१८० पैकी दोनच चुकतात, म्हणजे त्या दोघींत बहुधा जुने किंवा वेगळ्या बनावटीचे यंत्र आहे आणि ते एनएमईए या जीपीएसच्या जुन्या मजकूर-पद्धतीचे आकडे पाठवते. एआयएस-१४० च्या पॅकेटमध्ये अक्षांश-रेखांश दशांश अंशांत येतात. एनएमईएमध्ये मात्र अंश आणि मिनिटे चिकटून येतात. उदाहरणार्थ पुण्याच्या मध्यावरचा बिंदू १८३१.२२४० आणि ०७३५१.४०२० असा येईल. याचा अर्थ १८ अंश ३१.२२४ मिनिटे आणि ७३ अंश ५१.४०२ मिनिटे. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवले की १८.५२०४ आणि ७३.८५६७ मिळतात. पण कोणी सरळ १०० ने भागले तर १८.३१२२ आणि ७३.५१४० होतात. गाडी उत्तर-दक्षिण सुमारे २३ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ३६ किलोमीटर सरकते आणि तोरण्याच्याही पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगेत जाऊन बसते. या चुकीची खूण अशी की गाडी हलताना दिसते, आकार साधारण ओळखीचा वाटतो, पण अधूनमधून मोठी झेप घेते. कारण मिनिटे ५९ वरून ० वर येताना अपूर्णांक ०.५९ वरून एकदम पुढच्या पूर्णांकावर जातो.

याच जातीच्या आणखी दोन चुका आत्ताच तपासून घ्या. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फाइल-पद्धतीत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, लीफलेटमध्ये उलट. अदलाबदल झाली तर पुण्याची गाडी ७३.८५ उत्तर, १८.५२ पूर्व अशी नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात दिसते. आणि गाडी आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसली तर दोन्ही आकडे शून्य आले आहेत. यंत्राला उपग्रह मिळालेले नाहीत आणि तुमच्या पार्सरने (पॅकेट वाचून आकडे काढणाऱ्या कोडने) ते न पाहता बिंदू पुढे ढकलला. वेगाचेही बघा: एनएमईएच्या आरएमसी वाक्यात वेग नॉटमध्ये असतो, त्याला १.८५२ ने गुणावे लागते. १६ हा आकडा ताशी १६ किलोमीटर म्हणून दिसत असेल तर प्रत्यक्षात गाडी ३० ने चालली आहे.

दशांशानंतर पाच स्थळे म्हणजे अंदाजे एक मीटर. सहा ठेवा, पुरे. पंधरा स्थळे साठवून अचूकता वाढत नाही, पॅकेट फुगते एवढेच.

गाड्या मागे का जातात

मोबाइल नेटवर्क गेले की यंत्र बिंदू स्वतःच्या मेमरीत साठवते आणि नेटवर्क आले की पाठवते. बऱ्याच यंत्रांत ताजे पॅकेट आधी निघते आणि साठलेली मागून, काही यंत्रांत दोन्ही आलटून-पालटून. तुमचा सर्व्हर पॅकेट पोचल्याची वेळ धरत असेल तर वीस मिनिटांपूर्वीचा बिंदू त्याला ‘सर्वांत नवा’ वाटतो आणि गाडी उलटी निघते. एआयएस-१४० च्या पॅकेटमध्ये यासाठी खास खूण असते, लाइव्हला एल आणि साठवलेल्याला एच. एच आले की इतिहासाच्या टेबलात टाका, आयकॉनच्या वाटेला पाठवू नका.

तरी केवळ या खुणेवर विसंबू नका. नियम एकच ठेवा: यंत्राने दिलेली जीपीएस वेळ तक्त्यातल्या वेळेपेक्षा मोठी असेल तरच नोंद बदलायची. ही तपासणी सर्व्हरवरही हवी आणि ब्राउझरमध्येही हवी, कारण जोडणी तुटून पुन्हा जुळताना क्रम दोन्हीकडे बिघडू शकतो.

वेळेचे दोन सापळे आहेत. यंत्राची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. ती भारतीय वेळ समजून साठवली तर सगळ्या गाड्या साडेपाच तास ‘शिळ्या’ दिसतात, आणि मग कोणीतरी कोडमध्ये साडेपाच तास मिळवतो, आणि ज्या यंत्रात आधीच भारतीय वेळ बसवली आहे ते भविष्यात जाते. भविष्यातली वेळ फार घातक, कारण वरच्या नियमानुसार त्यानंतरचे प्रत्येक खरे पॅकेट जुने ठरून फेकले जाते आणि गाडी गोठते. म्हणून सर्व्हरच्या घड्याळापेक्षा दोन मिनिटांहून पुढची वेळ आली की ते पॅकेट नाकारा आणि लॉगमध्ये लिहा. दुसरा सापळा जुन्या यंत्रांचा. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो असा फिरला आणि फर्मवेअर न सुधारलेली यंत्रे तारीख जवळपास वीस वर्षे मागची देऊ लागली. अशी गाडी सापडली तर तारखेत ७१६८ दिवस मिळवले की बरोबर येते.

गाळणी, पण मोजकी

उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि बिंदू पन्नास-शंभर मीटर बाजूला पडतो. त्यासाठी तीन चाचण्या पुरतात. फिक्स (उपग्रहांवरून काढलेली जागा) वैध आहे का, हे पॅकेटमधल्या खुणेवरून कळते. एचडीओपी, म्हणजे उपग्रहांच्या मांडणीमुळे जागा किती चुकू शकते याचा आकडा, ४ च्या वर असेल तर बिंदू संशयास्पद धरा. आणि मागच्या बिंदूपासूनचे अंतर भागिले वेळ हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला तर बिंदू नाकारा. घंटागाडी इतकी पळत नाही.

ही शेवटची चाचणी लिहिताना हटकून एक चूक होते. समजा चुकीचाच बिंदू आधी स्वीकारला गेला. मग त्यानंतरचे सगळे खरे बिंदू ‘अशक्य झेप’ ठरतात आणि गाडी चुकीच्या जागी अडकून राहते. यावर उपाय म्हणजे नाकारलेले बिंदूही लक्षात ठेवा. लागोपाठ तीन नाकारलेले बिंदू एकमेकांशी जुळत असतील तर चूक आपली होती असे मानून तिथे उडी घ्या.

उभ्या गाडीचा बिंदूही थरथरतो, पाच ते पंधरा मीटरच्या परिघात. वेग ताशी ३ च्या खाली आणि हालचाल १५ मीटरच्या आत असेल तर जागा बदलू नका, फक्त वेळ ताजी करा. नाहीतर डेपोत रात्रभर उभ्या गाड्या आपापसांत फुगडी घालताना दिसतील, आणि महिनाअखेरीस त्यांचे किलोमीटरही वाढलेले निघतील.

सर्व्हरपासून ब्राउझरपर्यंत

१८० गाड्या, दर १० सेकंदांनी म्हणजे सेकंदाला १८ पॅकेट. प्रत्येकी शंभर बाइट धरले तर दोन किलोबाइटही नाहीत. या प्रमाणाला वेबसॉकेट, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स किंवा दर पाच सेकंदांनी विचारणे, तिन्ही चालते. पोलिंगला नाके मुरडण्याची फॅशन आहे, पण इथे ते दोषी नाही. दोषी बहुधा त्यामागची क्वेरी असते: दरवेळी इतिहासाच्या टेबलातून प्रत्येक गाडीची सर्वांत मोठी वेळ शोधणे. आठ तासांच्या पाळीत १८० गाड्या ५ लाख १८ हजार ओळी घालतात. महिनाभरात ही क्वेरी धापा टाकू लागते आणि आयकॉन ‘अडकतात’. सध्याच्या स्थितीचे टेबल वेगळे ठेवा, त्यात गाडीमागे एकच ओळ, जी जागच्या जागी बदलते. इतिहास वेगळ्या टेबलात, दिवसानुसार विभागून.

इथे माहिती एकाच दिशेने जाते, त्यामुळे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (एकच जोडणी उघडी ठेवून सर्व्हर निरोप पाठवत राहतो) हा सर्वांत साधा मार्ग. ब्राउझर तुटलेली जोडणी स्वतः पुन्हा जुळवतो. दोन ठिकाणी मात्र अडखळायला होते. मध्ये एनजिनएक्स हा प्रॉक्सी सर्व्हर असेल तर तो डीफॉल्टने उत्तर साठवून ठेवतो. त्या मार्गापुरते प्रॉक्सी बफरिंग बंद करा. तसेच ६० सेकंद काही आले नाही तर तो जोडणी तोडतो, म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामी टिप्पणी-ओळ पाठवत राहा. आणि सर्व्हर जुन्या एचटीटीपी १.१ वर असेल तर ब्राउझर एका पत्त्याला सहाच जोडण्या देतो. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरने सातवा टॅब उघडला की तो नुसता फिरत राहतो आणि दोष मात्र नकाशाला दिला जातो. एचटीटीपी २ सुरू केले की हे मिटते.

पॅकेटगणिक निरोप पाठवू नका. सर्व्हरवर एक सेकंदाचे बदल गोळा करून एकदम पाठवा. पान उघडताना क्रम असा ठेवा: आधी प्रवाहाला जोडा, मग सगळ्या गाड्यांची सध्याची यादी मागवा. उलट केले तर मधल्या फटीतले बदल निसटतात. यादी आणि प्रवाह एकमेकांवर आदळले तरी बिघडत नाही, कारण वेळेचा नियम आहेच.

कुणाला कोणत्या गाड्या दिसाव्यात हे सर्व्हरवर ठरवा. सगळ्या १८० पाठवून ब्राउझरमध्ये इतर प्रभागांच्या लपवणे म्हणजे लपवणे नव्हे. त्या आयकॉनमागे एक चालक असतो.

पॉपअप मिटणे आणि टॅब जड होणे

दोन्हींचे मूळ एकच असण्याची शक्यता दाट आहे: दर अपडेटला सगळा थर पुसून १८० मार्कर (लीफलेटमधले आयकॉनचे ऑब्जेक्ट) नव्याने तयार करणे. मार्कर गेला की त्याला बांधलेला पॉपअपही जातो. आणि पुसणे नीट झाले नाही, किंवा क्लिकची फंक्शने कुठल्यातरी यादीत धरून ठेवली गेली, तर जुने मार्कर मेमरीत साचतात. खात्री करायला ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडून मार्कर ज्या थरात (मार्कर-पेन) असतात त्यातले घटक मोजा. दोन तासांनी १८० च्या जागी हजारो दिसले तर चोर सापडला. आकडा १८० च असेल तर गाडीमागची रेघ बघा. त्या रेघेला (पॉलिलाइन) बिंदू जोडत गेलात आणि कधी कापलेच नाहीत असे असू शकते. शेवटचे ६० बिंदू ठेवा, म्हणजे दहा मिनिटांची वाट. जास्त हवे असेल तर मागितल्यावर इतिहासातून आणा.

मार्कर गाडीमागे एकदाच तयार करा, ओळखीनुसार जावास्क्रिप्टच्या मॅप या यादीत ठेवा आणि पुढे फक्त सेट-लॅट-एलएनजी वापरा. पॉपअप मार्करसोबत आपोआप सरकतो. सेट-आयकॉन वारंवार बोलावू नका. डिव्ह-आयकॉनमध्ये त्यामुळे आतले एचटीएमएल दरवेळी नव्याने लिहिले जाते आणि चालू असलेले ट्रान्झिशन तुटते. रंग बदलायचा तर आतल्या घटकाचा क्लास बदला.

आता उड्या

ताशी ३० किलोमीटरने गाडी १० सेकंदांत ८३ मीटर जाते. लीफलेटच्या झूम १७ वर पुण्याच्या अक्षांशाला एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.१३ मीटर, म्हणजे ७३ पिक्सेलची उडी. हीच हालचाल झूम १२ वर दोन-अडीच पिक्सेल. याचा पहिला निष्कर्ष असा की झूम १४ च्या खाली हालचाल मऊ करण्याची गरजच नाही, सरळ नव्या जागी ठेवा. दुसरा, पडद्याबाहेरच्या गाड्यांसाठीही नाही. बहुतेक वेळा खरे ॲनिमेशन पंधरा-वीस गाड्यांनाच लागते.

मऊ करण्याचे मार्ग दोन. एक, मागच्या आणि नव्या बिंदूंच्या मध्ये सरकवणे. यात चित्र खऱ्यापेक्षा साधारण एका अंतराने, म्हणजे दहा-बारा सेकंद मागे राहते. दोन, वेग आणि दिशा धरून पुढचा अंदाज करणे. महामार्गावरच्या ट्रकला दुसरा मार्ग शोभतो. घंटागाडीला अजिबात नाही. ती दर सोसायटीपुढे थांबते, गल्लीत वळते. अंदाजाने पुढे गेलेला आयकॉन प्रत्येक थांब्यावर पुढे जाऊन मागे ओढला जाईल. दहा सेकंदांचा उशीर पत्करा आणि तो लपवू नका.

कृती अशी. नवा बिंदू आला की सुरुवात म्हणून आत्ता पडद्यावर जिथे आयकॉन आहे ती जागा घ्या, मागचा बिंदू नव्हे. मागचा बिंदू घेतला तर आयकॉन पोचायच्या आत नवे पॅकेट आले की झटका बसतो. कालावधी म्हणून शेवटच्या दोन पॅकेटांच्या जीपीएस वेळेतला फरक गुणिले १.१ घ्या, कमाल १५ सेकंद. दशांशाची ही वाढ नेटवर्कच्या मागेपुढे होण्यासाठी. ती नसेल तर आयकॉन दर बिंदूवर क्षणभर ठेचकाळतो. गती एकसारखी ठेवा. सुरुवातीला हळू, शेवटी हळू असे वळण दिले तर गाडी दर दहा सेकंदांनी ब्रेक मारताना दिसते.

फरक ४० सेकंदांहून जास्त असेल तर सरकवू नका, सरळ उडी घ्या. पाच मिनिटे नेटवर्क नसलेली गाडी सरकवत आणली तर ती घरांवरून, मुठेच्या पात्रातून, जिथे पूल नाही तिथून रुबाबात जाताना दिसेल. इथे उडीच प्रामाणिक. वळणावर आयकॉन कोपरा कापतो, ते दहा सेकंदांच्या अंतराला चालवून घ्यावे. रस्त्यावर बिंदू बसवणारी ओएसआरएमसारखी साधने आहेत, पण समांतर सर्व्हिस रोड आणि उड्डाणपुलाखालचे रस्ते यांत ती हमखास गोंधळतात, आणि चुकीच्या रस्त्यावर ठामपणे दाखवलेली गाडी ही रस्त्याकडेला दाखवलेल्या गाडीपेक्षा वाईट. इतिहासाच्या अहवालासाठी वापरा, लाइव्हसाठी नको.

लूप रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमवर चालवा, सेटइंटरव्हलवर नको. टॅब मागे गेला की हा लूप थांबतो, ते चांगलेच आहे. टॅब पुन्हा पुढे आल्याची घटना ऐका आणि त्या वेळी सगळ्या गाड्या थेट शेवटच्या जागी ठेवा.

लीफलेटमधली दोन खास भांडणे सांगून ठेवायला हवीत. मार्करची जागा तो सीएसएस ट्रान्सफॉर्मने ठरवतो. म्हणून मार्करच्या बाहेरच्या घटकावर सीएसएस ट्रान्झिशन लावण्याचा सोपा उपाय करू नका. झूम करताना सगळे आयकॉन पडद्यावरून तरंगत जातात. फिरवण्यासाठीही आतला घटक वापरा, बाहेरचा फिरवला तर पुढच्या अपडेटला लीफलेट तो कोन पुसून टाकतो. आणि झूमचे ॲनिमेशन चालू असताना तुमचा लूप थांबवा: झूमस्टार्टला थांबा, झूमएंडला पुन्हा सुरू. नाहीतर त्या पाव सेकंदात आयकॉन जुन्या झूमच्या हिशेबाने भलतीकडे जातात.

कोन

३५० अंशांवरून १० अंशांवर जाताना आयकॉन पूर्ण गिरकी घेतो, हे सगळ्यांना एकदा भोगावे लागते. फरक असा काढा:

फरक = ((नवा कोन − दाखवलेला कोन + ५४०) % ३६०) − १८०

यासाठी दाखवलेला कोन आधी ० ते ३६० मध्ये आणून घ्या. इथे उत्तर २० येईल. सीएसएसला मात्र १० देऊ नका, ३७० द्या. कोन साठत जाऊ द्या, तो कापला की गिरकी परत येते.

जीपीएस देते ती प्रवासाची दिशा, गाडीचे तोंड नव्हे. थांबलेल्या गाडीची दिशा निरर्थक असते आणि आयकॉन जागेवर भोवऱ्यासारखा फिरतो. ताशी ८ किलोमीटरच्या खाली कोन गोठवा. घंटागाड्यांना याचा आणखी फायदा: अरुंद गल्लीतून गाडी रिव्हर्स बाहेर येते तेव्हा जीपीएसच्या मते ती उलट तोंडाने चालली असते, पण रिव्हर्सचा वेग सहसा एवढाच असल्याने आयकॉन शहाण्यासारखा तसाच राहतो.

आयकॉन कसा असावा

गाडीचे वरून काढलेले सुंदर चित्र २८ पिक्सेलमध्ये ठिपका होते. साधा गोल, त्याला दिशेचे टोक, भोवती दोन पिक्सेलची पांढरी कड. उपग्रहचित्रावरही दिसतो. नांगर (अँकर, आयकॉनचा नकाशावरच्या जागेला टेकणारा बिंदू) गोलाच्या मध्यावर ठेवा. टाचणीच्या आकाराचा आयकॉन फिरवला तर टोक जागा सोडते. गाडीशेजारी एमएच १२ लिहून काय उपयोग, सगळ्यांना तेच. शेवटचे चार आकडे लिहा.

रंग स्थितीचा असावा, पण एकट्या लाल-हिरव्यावर भिस्त नको. अनेक पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. चालू गाडीला टोकदार गोल, उभीला साधा गोल, संपर्क तुटलेलीला पोकळ राखाडी गोल असे आकारानेही वेगळे करा.

आणि शिळेपण. ही सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट आहे. गाडीकडून पॅकेट येणे बंद झाले म्हणजे काहीच घडले नाही, आणि तुमचा कोड तर काही घडले की चालतो; म्हणून तीन तासांपूर्वीची गाडी हिरवीगार उभी राहते. ब्राउझरमध्ये दर पाच सेकंदांनी चालणारा वेगळा टाइमर लावा: ३० सेकंदांपर्यंत ताजी, दोन मिनिटांपर्यंत फिकट, पुढे पोकळ राखाडी आणि शेजारी ‘११:४२ ला इथे होती’. वय मोजताना ऑपरेटरच्या संगणकाच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. सर्व्हर प्रत्येक निरोपात स्वतःची वेळ पाठवेल, त्यातून फरक काढून ठेवा. प्रवाहच तुटला असेल तर सगळा नकाशा फिकट करा आणि वर पट्टी दाखवा. १८० गाड्या एकदम बंद पडल्या असे वाटायला नको.

मॅपलिब्रवर जायचेच असेल तर

गाड्या हजारांत जाणार असतील किंवा व्हेक्टर नकाशा हवा असेल तर जरूर जा. तिथे गाड्या एका जिओजेसन सोर्समध्ये ठेवून सिंबॉल थराने दाखवायच्या. आयकॉन-अलाउ-ओव्हरलॅप हे डीफॉल्टने बंद असते, त्यामुळे जवळजवळच्या गाड्या गुपचूप गायब होतात. ते चालू करा. आयकॉन-रोटेशन-अलाइनमेंट ‘मॅप’ ठेवा, नाहीतर नकाशा फिरवल्यावर दिशा चुकते. नकाशा तयार करताना फेड-ड्युरेशन शून्य करा, डीफॉल्ट ३०० मिलिसेकंदांमुळे आयकॉन लुकलुकतात. सेटडेटा सेकंदाला ६० वेळा बोलावू नका, १० ते १५ पुरे; दरवेळी सगळा डेटा वर्करकडे जाऊन नव्याने तुकडे पडतात. फीचर-स्टेट वापरून कोन बदलायचा प्रयत्न वाया जाईल, ती सोय रंग-पारदर्शकतेसारख्या पेंट गुणधर्मांनाच आहे आणि आयकॉन-रोटेट हा लेआउट गुणधर्म आहे. इथले झूम लीफलेटपेक्षा एकने कमी वाचा: लीफलेटचा १७ म्हणजे इथला १६, कारण टाइल ५१२ पिक्सेलची धरली जाते. वर दिलेली १४ ची मर्यादा इथे १३ होईल.

मराठी नावे दाखवणाऱ्यांना एक खास फटका बसतो. ही लायब्ररी मजकूर एकेक चिन्ह सुटे घेऊन मांडते, आणि बहुतेक आवृत्त्यांत देवनागरीची जोडणी होत नाही. ‘शिवाजीनगर’मधली पहिली वेलांटी श च्या मागे जाऊन बसते, ‘स्वारगेट’मधला स् पाय मोडून वेगळा उभा राहतो. चालणारा मार्ग असा: लेबल अदृश्य कॅनव्हासवर ब्राउझरकडून लिहून घ्या, तिथे जोडाक्षरे बरोबर येतात, आणि ते चित्र ॲड-इमेजने आयकॉन म्हणून द्या. दुप्पट आकारात काढून पिक्सेल-रेशो २ द्या, नाहीतर मोबाइलवर अक्षरे पुसट दिसतात. प्रभागांची नावे मोजकीच असतात, त्यामुळे हे परवडते.

डेपोतला ढीग

सकाळी सहाला चाळीस गाड्या एकाच आवारात असतात आणि वरच्या एकीवरच क्लिक होते. क्लस्टर लावण्याचा मोह होईल. हलत्या बिंदूंचे क्लस्टर दर अपडेटला फुटतात, जुळतात, आकडे नाचतात. त्यापेक्षा डेपोभोवती सीमा आखून आतल्या उभ्या गाड्यांऐवजी एकच ‘डेपो: ३७’ असा आयकॉन दाखवा. बाकी ठिकाणी क्लिकभोवती दहा पिक्सेलच्या चौकोनात जेवढ्या गाड्या येतील त्यांची यादी उघडा. निवडलेली गाडी ओळखीने लक्षात ठेवा, मार्करच्या संदर्भाने नको.

‘गाडीच्या मागे राहा’ अशी सोय देणार असाल तर दर अपडेटला नकाशा मध्यावर आणू नका, डोळे गरगरतात. गाडी पडद्याच्या मधल्या साठ टक्क्यांबाहेर गेली तरच सरकवा. ऑपरेटरने नकाशा हाताने ओढला की सोय तत्काळ बंद करा.

चाचणीसाठी रस्त्यावर गाडी फिरवत बसू नका. एका पाळीची कच्ची पॅकेट जशी आली तशी, पोचल्याच्या वेळेसकट फाइलमध्ये साठवा आणि दहापट वेगाने पुन्हा सोडा. त्यात मुद्दाम चार गोष्टी घाला: वीस मिनिटांची एच पॅकेट, एक शून्य-शून्य बिंदू, एक भविष्यातली वेळ, आणि मधूनच तोडलेले पॅकेट. शेवटचे महत्त्वाचे, कारण टीसीपीला पॅकेटची सीमा कळत नाही. अर्धे पॅकेट या वाचनात आणि अर्धे पुढच्या वाचनात येणे नेहमीचे आहे. तुमचा पार्सर शेवटचे चिन्ह येईपर्यंत थांबत नसेल तर रेखांशाचे शेवटचे आकडे कापले जातील आणि गाडी थोडीशीच, पकडता न येण्याइतकी, बाजूला दिसेल. फाइल चालवताना टॅब दहा मिनिटे मागे ठेवून पुढे आणा, नेटवर्क बंद करून चालू करा, आणि शेवटी मार्कर पुन्हा मोजा: १८० च हवेत.